गाव तेवढं सांगा

फोनवरच्या माणसानं नाही म्हटलं आणि संयोगिताच्या डोळ्यांत खरं पाणी आलं. खरं म्हणजे खारट, गालावरून घरंगळत हनुवटीपर्यंत येणारं. नऊ वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. रडणं हा तिच्या कामाचाच भाग होता. गळा कुठल्या शब्दाला दाटवायचा, हुंदका कुठं फोडायचा, कुठं नुसतंच गप्प बसून पलीकडच्याला कासावीस करायचं, हे ती आधी कागदावर लिहून काढी. आणि आवाजानं एवढं सगळं केलं तरी डोळे ठणठणीत कोरडे, समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत असत. आज फोन ठेवला तेव्हा तीन वाजून एकवीस मिनिटं झाली असावीत. काटे नीट दिसत नव्हते. तिनं ओढणीनं डोळे पुसले. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्या खोलीच्या भिंतींना जाड फोम लावला होता, त्यामुळं स्वतःचा श्वाससुद्धा दुसऱ्या कुणीतरी शेजारी बसून घ्यावा तसा ऐकू येई. बरोबर तिच्या पायांखाली, दोन मजले खाली, ज्यानं नाही म्हटलं तो प्रसेनजीत आता पुढचा फोन घेत असणार. आत्ता आपण कुणाशी बोललो हे त्याच्या गावीही नसणार.

कंपनी उचगावच्या पुढं, हायवेला लागून होती. दवाखाने, शाळा, वसतिगृहं, लहानमोठ्या संस्था अशा आठनऊशे गिऱ्हाइकांची माहिती तिच्या क्लाऊडवर ठेवलेली असे, आणि ती सांभाळायची म्हणजे काय करायचं याबद्दल सुरक्षा विभागाचे प्रमुख विजयसिंह यांचं मत ठाम होतं. लोकांना वाटतं चोर परदेशात कॉम्प्युटरसमोर बसलेला असतो, ते म्हणत. पण कुलूप फोडायला अक्कल लागते, दार उघडून घ्यायला नुसतं रडता आलं की पुरतं. म्हणून त्यांनी संयोगिताला घेतलं होतं. शिवाजी पेठेतली, कॉलेजात नाटकांतून बक्षिसं मिळवलेली ही बाई वेगवेगळ्या आवाजांत आपल्याच कंपनीच्या मदत कक्षाला फोन करी आणि देऊ नये ती माहिती कुणी देतं का ते बघे. असे खोटे फोन येतात हे खालच्या लोकांना माहीत होतं. कधी येतात आणि कोण करतं, हे बहुतेकांना माहीत नव्हतं. हजेरीपटावर ती प्रशिक्षण विभागात होती. कुणी फसलं तर त्याला ओरडा बसत नसे, त्याचं नाव विजयसिंहांच्या वर जात नसे. तरीही दुपारी कँटीनमध्ये त्याच माणसांच्या पंगतीला बसून जेवताना तिला घास मोठा वाटे. फसत ती वाईट माणसं नसतच मुळी. फसत ती भली माणसं. कुणाच्या तरी चांगुलपणाला कुठं फट आहे ते चाचपून बघायचं, हाच तिचा पगाराचा धंदा होता, आणि अलीकडं घरी नवऱ्याशी साधं बोलतानासुद्धा आपला आवाज आपण निवडतोय अशी शंका तिला येऊ लागली होती.

पण नोकरी सोडावीशी वाटली नव्हती. त्याला एक कारण होतं. ती लागली त्या वर्षी दोन गाड्या भरून माणसं ऑफिसात आली होती. पुढं एक वजनदार गृहस्थ. कुठल्याशा दवाखान्यातले एका बाईचे कागद त्यांना बघायचे होते. विजयसिंहांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, आणि शांतपणे म्हणाले, "सायेब, माझ्याकडं नुसती कुलपं हायत. किल्ली ज्याची त्याच्याकडं. मला हितं कापला तरी काय उघडायचं न्हाय." ते खरंच होतं. माहिती कंपनीच्या यंत्रात असे पण कुलूपबंद, आणि किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात. विजयसिंहांनी ती व्यवस्था हट्टानं तशी बांधून घेतली होती. कुणी कुठली नोंद उघडली, किती वाजता, किती वेळ, याची खूण राही, ती पुसायची सोय खुद्द विजयसिंहांनाही नव्हती. काचेच्या पलीकडून संयोगिता बघत होती. गृहस्थांनी चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि उठून गेले. आपल्या घरी एक असा माणूस असता तर, असं काहीसं तिच्या मनात येऊन गेलं होतं. पण ते वाक्य तिनं तेव्हा पुरं केलं नव्हतं.

या महिन्याची चाचणी एका संस्थेसाठी होती. नवऱ्याच्या, सासरच्या मारातून जीव वाचवून निघालेल्या बायकांना ती संस्था आसरा देई. चार गावांत तिची घरं होती आणि ती कुठं आहेत हे कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नव्हतं. संस्थेला येणारे फोन कंपनीचा मदत कक्षच घेई, पण त्या बायकांच्या नावांच्या जागी तिथल्या स्क्रीनवर नुसत्या चांदण्या दिसत. एकच रकाना उघडा होता, गावाचा. फोन कुठल्या घराच्या कार्यालयाला जोडून द्यायचा ते कळावं म्हणून. वर नाव टाकून शोधलं की तेवढं गाव उमटे. संस्थेच्या प्रमुखांना सांगून एका काल्पनिक बाईची नोंद तिथं घालून ठेवली होती, आणि संयोगितानं त्या बाईची थोरली बहीण व्हायचं ठरवलं. आई शेवटच्या घटका मोजतेय. धाकटीला बघायचं म्हणते. पत्ता नको, फोन नंबर नको, गाव तेवढं सांगा. एका दुपारी बसून तिनं ते लिहिलं आणि आपल्याला हे किती सहज सुचलं याचं तिला जरा कौतुकही वाटलं. मंगळवारी तो फोन मोनानं घेतला. मोना मदत कक्षातली सगळ्यांत जीव लावणारी मुलगी. तीन मिनिटांत मोना स्वतःच रडायला लागली, आणि दबक्या आवाजात म्हणाली, "निपाणी. पण मी सांगितलं म्हणून सांगू नका हं." दुसऱ्या दिवशी मोनानं आपल्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी संयोगिताच्या ताटात वाढली. संयोगितानं ती खाल्ली.

आणि आज गुरुवारी प्रसेनजीत. अठ्ठेचाळीस वर्षांचा, मुरगूडचा, केस पुढून विरळ झालेला माणूस. दीड वर्षापूर्वी लागलेला. रोज येता-जाता ती त्याला बघे, पण तो मान हलवण्यापलीकडं कधी बोलला नव्हता. तिनं हुंदका फोडला तेव्हा तो म्हणाला, "ताई, आधी घोटभर पाणी प्या. मी थांबतो."

"पाणी कसलं पिऊ! म्हातारी तिकडं डोळे लावून बसलीय. मला पत्ता नको, काय नको. गाव तेवढं सांगा."

बोलता बोलता ते शेवटचं वाक्य तिच्या तोंडात वेडंवाकडं झालं. ते तिचं नव्हतं. कुणाचं आहे ते तिला कळेना, पण कानाजवळ तंबाखूचा वास आला.

"न्हाय सांगत, ताई," प्रसेनजीत म्हणाला. जे फसत नसत ते नेहमी नियमाच्या आड उभे राहत. आम्हाला परवानगी नाही मॅडम, सिस्टिममध्ये तशी सोय नाही मॅडम. यानं तसं काही म्हटलं नाही. यानं स्वतःच्या नावावर नाही म्हटलं. मग म्हणाला, "पण म्हातारीचा निरोप सांगा. मी लिवून घेतो, आन् संस्थेच्या मोठ्या बाईंकडं आत्ताच धाडतो. तुमची बहीण तिथं असली तर तिला मिळंल. नसली तर न्हाय मिळणार. हाय का न्हाय ते मला कळणार न्हाय, तुम्हालाबी न्हाय. तिला यावं वाटलं तर ती येईल की आपल्या पायानं. सांगा, काय म्हणती म्हातारी?"

म्हातारी काय म्हणते हे कागदावर नव्हतं. नऊ वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. संयोगिता गप्प राहिली आणि या वेळचं गप्प राहणं तिनं ठरवलेलं नव्हतं. शेवटी कशीबशी म्हणाली, "काळजी घे म्हणावं."

"काळजी घे," तो लिहीत म्हणाला. "आन्?"

"आणि काही नाही."

तेहतीस वर्षांपूर्वीच्या त्या माणसाकडंही निरोप नव्हता. पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, तंबाखूचा वास. शिवाजी पेठेतल्या घरासमोर ती आठ वर्षांची संयोगिता दोरीच्या उड्या मारत होती, आई गिरणीत दळण आणायला गेली होती, आणि तो माणूस तिच्यासमोर उकिडवा बसला होता, तिच्याएवढा होऊन. बाळ, मी मुरगूडहून आलोय, तुझ्या आजीकडनं. आजी लई शिक हाय. अंबूला बघायचं म्हणती. कुठं हाय तुझी अंबूमावशी? आईनं बजावलं होतं, मावशी कुठं आहे ते कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. अंबूमावशी आईची धाकटी बहीण. सीमेकडच्या एका गावात दिलेली. महिन्यापूर्वी ती पहाटे सुजलेल्या तोंडानं दारात येऊन उभी राहिली होती, आणि आईनं तिला आपल्या मैत्रिणीकडं उचगावला नेऊन ठेवलं होतं. संयोगिता तेव्हा त्यांच्याबरोबर होती. तिनं घर बघितलं होतं, दारातली शेळी बघितली होती. ती त्या माणसाला म्हणाली, मला माहीत नाही. त्यानं टॉवेलानं डोळे पुसले. म्हणाला, आजी मरंल गं बाळ, लेकीला न बघताच मरंल. गाव तेवढं सांग. संयोगिताला आजीचे हात आठवले, तिच्या वेण्या घालणारे, आणि ती म्हणाली, उचगाव. माणसानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या काळचं उचगाव ते. नवी आलेली बाई कुणाकडं आहे हे पहिल्याच पारावर कळत असणार. संध्याकाळी जीप आली नि मावशीला घेऊन गेली. तो टोपीवाला मावशीचा चुलतदीर होता हे नंतर मोठ्यांच्या बोलण्यातून कळलं. आजी ठणठणीत होती. पुढं चार वर्षांनी मावशीचा नवरा दारूनं गेला आणि मावशी मुरगूडला माहेरी परत आली ती कायमची. कुणी सांगितलं असेल, यावर घरात वर्षानुवर्षं चर्चा झाली. दूधवाल्यावर संशय आला, मैत्रिणीच्या शेजारणीवर आला. आठ वर्षांच्या पोरीला कुणी विचारलंच नाही. नऊ वर्षं ती रोज उचगावच्या पाटीवरून कामाला येत होती, मान दुसरीकडं वळवून, आणि तिनं स्वतःला कधी सांगितलं नव्हतं की मान आपण वळवतो. आता ते वाक्य ती स्वतः लिहीत होती, त्या वाक्यानं माणसं पाडत होती.

चाचणी झाली की स्क्रीनवरच्या खुणा तपासायच्या असत. तिनं गुरुवारच्या खुणा उघडल्या. तीन दहा ते तीन एकवीस. प्रसेनजीतनं काय उघडलं, काय शोधलं. काहीच नाही. तिनं पुन्हा पाहिलं. मोनानं नाव टाकलं होतं, गाव पाहिलं होतं. आजवर जे फसले नव्हते त्यांतल्याही बहुतेकांनी नाव टाकून पाहिलं होतं, मग नाही म्हटलं होतं. यानं नाव टाकूनसुद्धा पाहिलं नव्हतं. फोन संपल्यावर तीन बावीसला संस्थेच्या प्रमुखांना एक ओळ गेली होती: एका आजींचा निरोप आहे, काळजी घे.

ती विजयसिंहांकडं गेली. दोघांचं रेकॉर्डिंग त्यांनी डोळे मिटून ऐकलं. प्रसेनजीतचं ऐकून ते हसले. मोनाचं ऐकताना मात्र त्यांची मान खाली गेली. संयोगिता म्हणाली, "मोनाला पुन्हा शिकवू आपण. मी स्वतः बसते तिच्याबरोबर."

"पोरीचं काय चुकलं?" विजयसिंह म्हणाले. "तिला दिसलं म्हणून तिनं सांगितलं. माणूस हाय ती, पाघळणारच. चूक आपली. तिला दिसलं कशाला?"

संयोगितानं खुर्चीचा हात घट्ट धरला. विजयसिंह गावाच्या रकान्याबद्दल बोलत होते. तो रकानाच काढून टाकायचा. फोन आपोआप त्या त्या घराकडं वळेल असं करून घ्यायचं, मधल्या माणसाला गाव दिसायचंच नाही. आठ दिवसांचं काम आहे, सोमवारी धरू. ते कागदावर चौकोन काढून दाखवत होते आणि तिला दिसत होती ती दारातली शेळी. तिला दिसलं कशाला? लहान पोरीला बरोबर नेलं कशाला? आई घाबरली होती, पोरीला घरी एकटं कुणाजवळ ठेवणार होती ती? कुणाचीच चूक नव्हती आणि तरी हा प्रश्न विचारायला हवा होता, आणि तेहतीस वर्षांत तो कुणी विचारला नव्हता. आज एक माणूस तो मोनासाठी विचारत होता. विजयसिंह थांबले. "काय झालं?" म्हणाले. ती म्हणाली, "काही नाही सर. प्रसेनजीतना मी सांगू का? फोन माझा होता म्हणून?"

शुक्रवारी अकरा वाजता कँटीनमध्ये ती चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर बसली. "दादा, काल तीनला तुम्हाला एक फोन आला होता. बहीण शोधत होती ती."

प्रसेनजीतचा चेहरा उतरला. "गेली का म्हातारी?"

"म्हातारी नव्हतीच. तो फोन माझा होता. चाचणीचा."

तिनं मान खाली घातली. याआधी हे कळल्यावर दोघातिघांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. प्रसेनजीतनं कप खाली ठेवला, तिच्याकडं नीट पाहिलं. "म्हंजे कोण मरत नव्हतं?"

"नाही."

"बरं झालं की मग!" तो म्हणाला आणि मोठ्यांदा हसला. "मी घरात बी सांगितलं न्हवतं. काल जेवण ग्वाड लागलं न्हाय."

"तुम्ही नाव टाकून बघितलंसुद्धा नाही. का?"

तो जरा लाजला. मग सांगू लागला. मुरगुडात त्याचा एसटीडीचा बूथ होता, नऊ वर्षं. काचेची केबिन. आत माणूस कितीबी हळू बोललं तरी बाहेर सगळं ऐकू यायचं. एखादी पोरगी आतून मैत्रिणीला फोन लावायची, रडायची, आणि तासाभरानं तिचा बाप यायचा, कुणाला लावत हुती रं आमची? "मी म्हणायचो, ठाव न्हाय. पण मॅडम, ठाव असलं की आवाजात उतरतंय. बापाला कळायचंच. एकदा लई वंगाळ झालं तसं. तवापास्नं मी ठरीवलं, माणूस आत गेलं की आपण रस्त्याव जाऊन हुबं ऱ्हायाचं. ऊन असू दे न्हायतर काय असू दे. ऐकलंच न्हाय तर खोटं बोलायचा सवालच न्हाय. काल तुम्ही असं रडत हुता, मी नाव टाकलं असतं आन् गाव दिसलं असतं, तर माझ्या तोंडात थांबलं असतं का? मी बी माणूसच की."

एकदा वंगाळ झालं म्हणजे काय झालं, असं विचारायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. ते त्याचं होतं. तिनं चहा प्यायला. कोमट झाला होता, तरी सगळा प्यायला.

रविवारी ती एकटीच मुरगूडला गेली. अंबूमावशी मामाच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहत होती. आता अठ्ठावन्नची, काटक, दोन म्हशी राखणारी. दारात पोतं पसरून शेंगा फोडत बसली होती. "एकटीच गं? जावई न्हाय आलं?" म्हणाली आणि मूठभर शेंगा पुढं सरकवल्या. मावशीला डाव्या कानानं ऐकू येत नाही. सासरच्या त्या चार वर्षांत कधीतरी गेला तो कान, त्याबद्दल ती बोलत नाही, आणि घरातली सगळी सवयीनं तिच्या उजव्या हाताला बसतात. संयोगिता डाव्या बाजूला बसली. आपण मुद्दाम बसलो हे तिला बसल्यावर कळलं.

थोडा वेळ दोघी शेंगा फोडत राहिल्या. मग संयोगितानं सांगायला सुरुवात केली. कुठला आवाज लावावा हे तिला सुचेना, म्हणून कुठलाच लावला नाही. सपाट, मध्येच घोगरा होणारा, ओळख नसलेला एक आवाज निघत राहिला. आई गिरणीत गेली होती. मी उड्या मारत होते. त्यानं डोळे पुसले. मी म्हणाले उचगाव. मावशी मान न वळवता शेंगा फोडत होती; टरफलं एकीकडं, दाणे एकीकडं. ऐकू गेलं नाही, असं संयोगिताला वाटलं, आणि तिला सुटल्यासारखं झालं, आणि त्या सुटण्याची लाज वाटली.

"अर्धंमुर्धंच आलं कानाव," मावशी म्हणाली. "पर उचगाव म्हणालीस, तवाच कळलं."

"मावशी..."

"मला ठाव हाय की, संयू. जीपमधीच सांगितलं त्यानं, हासत हासत. भाचीनंच दिलाय बघ पत्ता म्हणून."

संयोगिताच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तेव्हापासून? आणि तू कुणाला..."

"कुणाला सांगू? तुझ्या आईला? तिनं सोलून काढली असती तुला. आधीच जिवाला लावून घेतल्यालं तिनं." मावशीनं दाण्यांवरची साल फुंकरीनं उडवली. "लई येळा इचारलं तिनं, मरंपतूर इचारलं, कुणी सांगितलं गं अंबे. मी म्हटलं, ठाव न्हाय."

"आणि तिला ते खरं वाटलं?"

"न्हाय वाटलं. पर इचारायची थांबली." मावशीनं पोत्यावरचे दाणे ओंजळीत गोळा केले. "आठ वर्साचं लेकरू ते. आजी मरतीय म्हटल्याव काय करंल? मी म्हटलं, ऱ्हाऊ दे हे माझ्यापाशीच. मी सांभाळीन."

पलीकडं म्हैस हंबरली. मामाच्या घरातून कुणीतरी अंबाक्का म्हणून हाक मारली आणि मावशीनं आले आले म्हणून ओरडून सांगितलं, पण उठली नाही. तिनं मान किंचित तिरकी केली.

"काय म्हणालीस?"

संयोगिता काहीच म्हणाली नव्हती. ती उठली, पोत्याला वळसा घालून मावशीच्या उजव्या हाताला येऊन बसली.

"हां," मावशी म्हणाली. "बोल आता."